मास्टर खाली!

"लॅपटॉप बंद पडला तर?" बायकोने सकाळपासून चौथ्यांदा विचारले.

"नाही पडणार," जावयाने चौथ्यांदा सांगितले.

"मागच्या महिन्यात पडला होता."

"तेव्हा चार्जर विसरलो होतो."

"आज माझ्या बाबांचा निरोप समारंभ आहे. आज काही बंद पडलं ना, तर मला तोंड दाखवू नकोस!"

जावई आठवडाभर विमा कंपनीत अर्ज तपासायचा आणि सुट्टीच्या दिवशी कुणाच्या ना कुणाच्या समारंभात गाणी लावायचा. डीजे म्हणवून घ्यायचा, पण सासरी नाही. सासरे भाषेचे शिक्षक. अख्खा गाव त्यांना मास्तर म्हणायचा, आणि मास्तरांच्या लेखी फळ्यावरच्या खडूपेक्षा मोठा आवाज म्हणजे गोंगाट. कौतुकाच्या बाबतीत तर हा गृहस्थ महाचिकट. लग्नानंतरच्या सहा वर्षांत जावयाच्या वाट्याला एकच शब्द आला होता, 'ठीक'. मास्तरांचा पाय मोडला तेव्हा जावयाने त्यांना चार मजले पाठीवर घेऊन उतरवले होते. तेव्हाही मास्तर पाठीवरूनच म्हणाले होते, "ठीक."

आजच्या समारंभात मागे हळू आवाजात बासरी वाजवायची परवानगी मिळवायला सासूबाईंना तीन आठवडे खपावे लागले होते. जावयाने मनाशी पक्के केले होते, आज 'ठीक'च्या पुढचा एक तरी शब्द कमवायचाच.

तेव्हा बायकोच्या समाधानासाठी त्याने दुसरी सोय करून ठेवली. त्याच्या मिक्सरच्या पेटीवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या यंत्रावर, एक खटका होता. खटका एका बाजूला असला की लॅपटॉपवरचे गाणे लागायचे, आणि दुसरीकडे, म्हणजे 'लाइन'वर टाकला की पेटीच्या मागे वायरने जे काही जोडले असेल ते. जोडायला फोन हवा होता, पण जावयाच्या नव्या फोनला वायरीचे गोल भोकच नव्हते. सासूबाईंच्या जुन्या फोनला होते.

"घ्या की जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "फक्त त्यात ह्यांचं भाषण आहे, ते पुसू नका हं. हे घरी भाषण म्हणतात, मी भरून घेते, आणि मग हे स्वतःच्याच चुका काढत बसतात."

"नाही पुसत," जावई म्हणाला आणि फोनमध्ये बासरीच्या तीन धून भरून मोकळा झाला. समारंभाआधी सासूबाईंनी ते भाषण एकदा ऐकून पाहिले आणि तेच उघडे ठेवून फोन गुमान वायरीला लावून जिथल्या तिथे ठेवला, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

पेटीपाशी मदतीला थोरला मेहुणा होता. त्याचे औषधांचे दुकान. चिठ्ठीवर लिहिलेय तेच द्यायचे, डोके चालवायचे नाही, हा त्याचा बाणा.

"हे बघ," जावई म्हणाला, "लॅपटॉप बंद पडला तर फोनवरचं हे त्रिकोणी बटण दाबायचं आणि खटका लाइनवर टाकायचा."

"लाइन? माझं लग्न झालंय, भावोजी."

"ही ती लाइन नव्हे! आणि हे मोठं गोल बटण म्हणजे मास्टर. सगळा आवाज याच्या हातात."

"आमच्या घरीही तसंच आहे," मेहुणा म्हणाला.

समारंभ अकराला सुरू झाला. शाळेचा हॉल भरला होता, बासरी मंद वाजत होती, आणि मास्तरांनी चक्क एकदा मान हलवली. जावयाला आकाश ठेंगणे झाले. तेवढ्यात सासूबाईंनी त्याला घरच्यांच्या फोटोसाठी मंचावर ओढले, आणि नेमका तोच मुहूर्त साधून लॅपटॉपने स्वतःला अद्ययावत करून घ्यायला सुरुवात केली. पडद्यावर एक टिंब गोल गोल फिरू लागले. बासरी बंद.

मेहुण्याने सांगितल्याबरहुकूम त्रिकोण दाबला आणि खटका लाइनवर टाकला.

"व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या विद्यार्थी मित्रांनो," मास्तरांचा आवाज हॉलभर घुमला.

मास्तर त्या वेळी पाणी पीत होते.

लोक मास्तरांकडे बघायला लागले. मास्तरांनी पेला खाली ठेवला, ओठ चाचपून पाहिले आणि घट्ट मिटून घेतले. तरी भाषण चालूच. शेजारी बसलेले अध्यक्ष डोळे मिटून म्हणाले, "वा! सुरुवात छान केलीत."

"मी केली नाही अजून," मास्तर म्हणाले.

"विनय तर बघा!" अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. ते बघून हॉलनेही वाजवल्या.

"माझ्या वाटचालीत पत्नीचा मोठा वाटा आहे," भाषण पुढे चालले. "मोठा, की सिंहाचा?"

"सिंहाचाच म्हणा!" हा आवाज सासूबाईंचा. खऱ्या सासूबाई मंचावर हातात गुच्छ घेऊन उभ्या होत्या. "अगं बाई! मी कुठून बोलले?"

जावयाच्या तोंडचे पाणी पळाले. मंचावरून तो ओरडला, "मास्टर खाली! मास्टर खाली कर!"

हॉल होता घुमणारा. 'ट'चा 'त' व्हायला असा कितीसा वेळ लागतो? मेहुण्याने पेटी सोडली, तरातरा मंचावर आला आणि जन्मदात्याचा दंड धरला. "बाबा, चला खाली."

"का?"

"भावोजी म्हणतात."

"अरे, माझाच समारंभ आहे!"

"मला काय माहीत! त्यांनी सांगितलं, मास्तर खाली."

मास्तर खाली उतरले. सत्काराआधी सत्कारमूर्तीला खाली का आणले हे कुणालाच कळेना, म्हणून पुढच्या दोन रांगा आदराने उभ्या राहिल्या. त्या गर्दीतून वाट काढत जावई एकदाचा पेटीपाशी पोहोचला आणि त्याने मोठ्या गोल बटणाला हात घातला.

"आता जावयांविषयी," मास्तरांचा आवाज म्हणाला.

जावयाचा हात जागीच थांबला.

"शोधूनही मला असा मुलगा सापडला नसता. बरं झालं, मुलीनंच शोधला. मला पाठीवर घेऊन चार मजले उतरला, पण एकदाही बोलून दाखवलं नाही. पोटच्या पोराइतकाच तो मला—"

"अहो, हे सगळ्यांसमोर म्हणाच!" सासूबाईंचा आवाज.

"छे! खोड ते. तोंडावर कौतुक केलं की मुलं बिघडतात."

जावयाच्या डोळ्यांना धार लागली. आवाज बंद करायला आलेल्या त्या हाताने बटण जपून फिरवले, पण उलट्या बाजूला, होते नव्हते तेवढे वर. फोनमधून आता फक्त कागदांची सळसळ ऐकू येत होती. मास्तर पेटीपाशी येऊन उभे राहिले. गोल बटणावर लिहिलेले 'मास्टर' त्यांनी नीट वाचून घेतले.

"एक चूक राहिली," मास्तर घसा खाकरून म्हणाले. "'सापडला' नव्हे. हरवलेली छत्री सापडते. 'लाभला' हवं होतं. असा मुलगा लाभला नसता."

"बाबा..." जावई म्हणाला.

"शुद्ध बोलावं माणसानं. बाकी... बासरी छान होती हो."

छान! सहा वर्षांनी! जावयाने वाकून त्यांच्या पायाला हात लावला, आणि त्या भरात पेटीचा त्याला पार विसर पडला. कागदांची सळसळ मात्र थांबली होती.

"आता अध्यक्ष," हॉलच्या चारही भिंतींमधून आवाज गरजला. "यांच्याविषयी खरं बोलू, की भाषणातलं?"

मंचावरच्या अध्यक्षांनी डोळे उघडले. मास्तर पांढरेफटक पडले आणि अडतीस वर्षांच्या नोकरीत कधी ओरडले नव्हते असे ओरडले, "मास्टर खाली करा! आधी मास्टर खाली करा!"

मेहुणा धावत आला आणि बापाचा दंड धरून गोंधळून म्हणाला, "आता अजून कुठं खाली नेऊ, बाबा?"