नवेकोरे ग्लोव्हज

फ्लॅटच्या नोंदणीच्या आदल्या दिवशी मला भाड्याच्या घरातलं बाथरूम घासायची बुद्धी झाली. तिथंच सगळं बिघडलं.

वाघोलीच्या बोअरच्या पाण्यानं टाइल्सवर पांढरे थर चढले होते. घरमालक अनंतराव एवढंच म्हणाले होते, "घर दिलं तसं परत द्या. दिलं तेव्हा टाइल्स निळ्या होत्या." म्हणून अ‍ॅसिडची बाटली आणली.

"अहो, ग्लोव्हज घाला," बायको, म्हणजे वैष्णवी, ऑफिसचा कॉल म्यूट करून म्हणाली. (ती आयटीत, मी कॉलेजात कारकून. कर्ज तिच्या पगारावर, पण फ्लॅटवर पहिलं नाव माझं. 'पोरानं पुण्यात घर घेतलं' हे गावाकडं आप्पांनी घरोघर सांगून झालं होतं. मी तर बुधवार पेठेतून स्वतःच्या नावाची पितळी पाटीही करून आणली होती.)

ग्लोव्हजची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती.

"नवे आहेत गं, अ‍ॅसिडनं खराब होतील," मी म्हणालो आणि उघड्या हातांनी घासत बसलो.

आधी बोटं चुणचुणली. मला वाटलं, अ‍ॅसिड काम करतंय. (करतच होतं.) मग अशी आग झाली की मी हळदीच्या डब्याकडे धावलो. वैष्णवीनं मनगटं धरून दोन्ही हात नळाखाली कोंबले आणि बराच वेळ हलू दिले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "कातडी येईल. ठसे यायला मात्र महिना जाईल."

नोंदणी कार्यालयात यंत्रानं माझा अंगठा घेतला नाही. दुसराही नाही. दहाही बोटं झाल्यावर तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "तुम्ही मला दिसताय. यंत्राला दिसत नाही."

उद्यापासून मुद्रांक शुल्क वाढणार होतं. बिल्डरचा माणूस हिंमतराव वैतागला. "सायबांचं नाव काढा की. कर्ज बी म्याडमचंच हाय."

"थांबू या का महिनाभर?" वैष्णवीनं मला हळूच विचारलं.

आप्पांना काय तोंड दाखवू? पण वाढीव खर्च तिच्याच पगारातून जाणार होता. "काढा," मी म्हणालो. तिचा अंगठा पहिल्या फटक्यात उमटला.

वारज्याच्या नव्या दारात मी बँडेज बांधलेल्या हातांत पाटी घेऊन उभा राहिलो. "एवढी तरी लावू का गं?" मला रडूच येत होतं.

तिनं पाटी घेतली, वर्तमानपत्रात नीट गुंडाळली आणि कपाटात त्या ग्लोव्हजशेजारी ठेवली.

"नवी आहे. बाहेर लावली तर खराब होईल."