बेकरीवाल्याची झोप

टुर्रर्र… टुक्.

सकाळचे सात वाजले होते. कॅरव्हॅनमध्ये इतकी शांतता होती की ओट्यावरच्या साखरेवरून मुंगी गेली असती तरी ऐकू आली असती. त्या शांततेत सिंकखालचा पाण्याचा पंप खाकरला. नळ किंचित सैल राहिला की तो असा मधूनच घसा साफ करतो. ती ताडकन उठली, नळ आवळला आणि श्वास रोखून मागच्या पडद्याकडे पाहत राहिली. पडद्याच्या फटीतून नवऱ्याच्या बर्थवरचा रजईचा उंचवटा दिसत होता. हलला नव्हता. दाराशी त्याचे बूटही जागच्या जागी होते. तिने सुटकेचा निःश्वास टाकला, तोही तुकड्यातुकड्याने.

या सुट्टीत तिला डोंगर बघायचे नव्हते की समुद्र. तिला नवरा आपोआप जागा होताना बघायचा होता.

नवऱ्याची बेकरी होती. गेली सहा वर्षं तो पहाटे तीनला घड्याळाच्या ठणाण्याने उठत होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही उठला, आणि लेकीचा, टिटवीचा, जन्म झाला तेव्हा दवाखान्यात आला तो कोपरापर्यंत पीठ माखूनच. दचकून उठलेला त्याचा चेहरा तिला तोंडपाठ होता. नुसता उठलेला चेहरा तिने कधी पाहिलाच नव्हता. म्हणून तिनेच ही कॅरव्हॅन ठरवली, बेकरीला तीन दिवस कुलूप घालायला लावलं, गजराची सगळी घड्याळं घरी ठेवली आणि निघताना जावेला छातीठोकपणे सांगितलं, "तोंडावर ऊन आल्याशिवाय हे उठले, तर नाव बदलीन." जाऊबाई गालात हसल्या. भावजी झोपेतसुद्धा बेकरीतच असतात, म्हणाल्या. ते तिला फार लागलं होतं.

चहाला पाणी हवं होतं. पंपाला पाणी पुरवणारं बाहेरचं पिंप रिकामं. ते आडवं करून सामाईक नळापर्यंत लोटत न्यायचं असतं, पण खडीवरून ते असं गडगडलं की तिने पहिल्याच फेऱ्याला झडप घालून ते उचललं, शालीत गुंडाळलं आणि तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून चवड्यांवर चालू लागली.

शेजारच्या कॅरव्हॅनबाहेर एक निवृत्त ड्रिलमास्तर हाफ पँटीत बैठका काढत होते. त्यांनी खणखणीत आवाजात नमस्कार घातला. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि सगळी हकिगत कुजबुजून सांगितली. पहाटे तीन, सहा वर्षं, पाव, आपोआप.

मास्तर ऐकत होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना 'सावधान' सांगितलेल्या माणसाला एकदाचं काहीतरी राखायला मिळालं होतं.

"तुम्ही काळजी करू नका, वहिनी," ते हळू म्हणाले. म्हणजे त्यांच्या मते हळू. "साहेबांची झोप आता माझ्याकडे."

तिला एक माणूस गप्प करायचा होता. मास्तरांनी कॅरव्हॅन उभ्या करायचं ते अख्खं पार्क गप्प केलं. दारोदार जाऊन त्यांनी बंदोबस्त लावला. पोरांचे चेंडू जप्त केले, दोन कुत्री गाडीत बसवली, एका आजोबांना खोकायला तळ्यापलीकडे पाठवलं. पार्कच्या ऑफिसातल्या बाई गवत कापायचं यंत्र घेऊन निघाल्या होत्या, त्यांच्यासमोर मास्तर आडवे उभे राहिले. सामाईक स्वयंपाकघरात भांडी वाजतील म्हणून त्याच्या दारात खुर्ची टाकून त्यांनी तिथली वहिवाटच बंद केली. कुणाचा नाश्ता झाला नाही. पण गंमत अशी की कुणी कुरकुरलंही नाही. जो जो कारण विचारत गेला तो तो मऊ होत गेला. त्या पार्कात असा एकही मोठा माणूस नव्हता ज्याला स्वतःला झोपायचं नव्हतं.

नऊ वाजेपर्यंत चाळीस माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन तिच्या कॅरव्हॅनसमोर बसली होती. नाटकाचा पडदा उघडायची वाट बघावी तशी. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आता हटायचं कसं? मास्तर दर दहा मिनिटांनी मागच्या खिडकीतून डोकावत आणि खुणेने खबर देत. एकदा जवळ येऊन म्हणाले, "रजई वर येतेय. श्वास असा खोल असावा लागतो. आमच्या शाळेत एकाचीही छाती इतकी फुगायची नाही."

उशिरापर्यंत झोपलेला माणूस फुगतो, हे तिलाही त्या क्षणी खरं वाटलं. माणूस एकदा जिद्दीला पेटला की त्याला काहीही खरं वाटतं.

पावणेदहाला मागच्या खिडकीला लोंबकळून आत बघणारी पाच वर्षांची टिटवी खाली उतरून तिच्याजवळ आली.

"आई, बाबा बर्थवरून खाली येतायत."

"उठले?"

"नाही. ओघळतायत."

ती आत धावली. पडदा सारला. रजईच्या कडेखालून काहीतरी पांढरं, गुबगुबीत, सावकाश खाली उतरत होतं. तिने रजई उचलली. खाली नवरा नव्हता, मोठा प्लॅस्टिकचा टब होता. त्यात आणि त्याच्याबाहेर मळलेलं पीठ होतं. गार हवेत पीठ फुगावं म्हणून तो बेकरीत टबांना असंच पांघरुणात गुरफटून ठेवतो. तिला माहीत होतं की! तीन तास ती, एक ड्रिलमास्तर आणि चाळीस माणसं यिस्टची झोप राखत होती.

मागोमाग आलेल्या मास्तरांनी टोपी काढली. का काढली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग नवरा कुठे? दोघांच्याही मनात एकदमच आलं, पीठ मळलेला माणूस भट्टीच शोधणार, आणि ओव्हन होता तो सामाईक स्वयंपाकघरात. ती अनवाणीच पळाली, मागे मास्तर, मागे टिटवी, त्यांच्या मागे सगळं पार्क, चवड्यांवर. मास्तरांनी स्वतः टाकलेली खुर्ची स्वतःच उचलली.

स्वयंपाकघरात ओव्हन मंद तापत होता. त्याच्या उबेला, बाकावर, मैद्याची पिशवी उशाला घेऊन नवरा झोपला होता. अनवाणी, कोपरापर्यंत पीठ, तोंड उघडं. घोरतही नव्हता. पहाटे तीनला सवयीने जाग आली असणार, आणि बायकोला आयता गरम पाव द्यावा, आज तरी तिने उठू नये, असं त्याने ठरवलं असणार. सीटखाली मैदा लपवून आणला होता लबाडाने. पीठ फुगेपर्यंत जरा टेकला, तो गेलाच.

म्हणजे तो झोपला होता. खराखुरा. दहा वाजत आले होते, आणि त्याला कुणी उठवलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात मागून कुणाच्या तरी पोटातून आवाज आला आणि तिला टब आठवला. ते पीठ आणखी अर्धा तास राहिलं तर आंबून वाया जाणार होतं. पीठ वाया गेलेलं नवऱ्याला खपत नाही. आणि उठवावं तर हे सगळं कशासाठी केलं?

ऑफिसातल्या बाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं, मग ओव्हनकडे, आणि भुवया उंचावल्या. तिने मान हलवली. नाही. तिने बाह्या वर सारल्या.

मास्तर टब घेऊन आले. चाळीस माणसं टेबलाभोवती उभी राहिली आणि एक शब्द न बोलता पाव वळू लागली. गोळा केवढा, हे तिने मुठीने दाखवलं. तरी कुणाचा नारळ झाला, कुणाची सुपारी. मास्तरांचे पाव दोन दोनच्या रांगेत, सरळ. खोकणारे आजोबा तळ्यापलीकडून परत आले होते. त्यांनी रुमालात तोंड खुपसून एका हाताने सहा वळले. ट्रे आत सरकला तेव्हा ओव्हनचं दार करकरलं आणि अख्खी खोली दगड झाली. नवऱ्याने कूस बदलली. परत झोपला.

पावाचा वास सुटला. नवऱ्याच्या नाकपुड्या हलल्या. पापण्याही, जराशा. ती बाकाशेजारी गुडघ्यांवर बसली, केसांना पीठ, गालाला पीठ, डोळ्यांखाली गेल्या सहा वर्षांची काळोखी. सगळे वाकून बघत होते.

टिटवीने तिचा पदर ओढला आणि जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "आई, बाबा उठले की आधी काय विचारतील? तू झोपलीस का, की पीठ फुगलं का?"