शापित पोटऱ्यांचा छडा

मी एपिग्मेनियो. आमच्या डोंगराच्या माथ्यापासून खाली दरीतल्या नदीपर्यंत माझ्यासारखा गुप्तहेर दुसरा नाही. पूर्वी लाकडाच्या वखारीवर पहारेकरी होतो. तिथून ओंडके चोरीला जायचे, आणि ते गेले हे सगळ्यात आधी मला कळायचं. माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. हे मी अंगणात चारचौघांना सांगत असताना आमची शेळी डुकेसा मागे उभी राहून माझी टोपी खात होती.

"अर्धी उरलीय," बायको रोसेंदा म्हणाली. "मुंगीला होईल."

उरलेली टोपी मी शेळीच्या तोंडातून हळूच सोडवून घेतली. तिच्यासमोर मला हल्ली जरा अवघडल्यासारखं व्हायचं. पलीकडच्या कड्यावरच्या गावाशी आमची चेंडूची शर्यत ठरली होती. लाकडी चेंडू पायाने उडवत दिवसभर डोंगरातून पळायचं, आणि गावकऱ्यांनी आपापली पैज लावायची. कोणी घोंगडी लावली, कोणी मका. मी डुकेसा लावली. रोसेंदाला सांगायला मुहूर्त शोधत होतो.

सगळी भिस्त गाउडेन्सियोवर. हा रोसेंदाच्या बहिणीचा मुलगा. पोरवयात हरणामागे पळायचा. चिवावा शहरात कारखान्यात बरीच वर्षं काढून नुकताच परतला होता. आल्या आल्या त्याने टायरच्या पातळ चपला कापल्या, वाद्या बांधल्या, सराव सुरू केला, आणि दोन दिवसांत बदकासारखा चालायला लागला.

"काका, पोटऱ्यांचा दगड झालाय," तो म्हणाला. "उतारावर उलटं चालावं लागतंय."

"शाप," मी म्हणालो.

आमच्याकडे हे कोणीही सांगेल. शर्यत जवळ आली की समोरचे लोक वाटेत मेलेल्या माणसाचं हाड पुरतात, मग त्यावरून जाणाऱ्याचे पाय जड होतात. मी फावडं घेऊन सरावाची अख्खी वाट खणून काढली. एक हाड सापडलंही. ते घेऊन निघालो तोच मालक आला आणि तोंडात धरून घेऊन गेला. शेजारचं कुत्रं होतं. संध्याकाळी गाउडेन्सियो माझ्या एका खड्ड्यात पडला. शापाचा आणखी एक पुरावा.

मग विष. भाजक्या मक्याचं पीठ पाण्यात कालवून तो पळताना पितो, त्यातच काहीतरी असणार. मी वाडगाभर चाखलं. खात्रीसाठी उरलेलं मडकंही संपवलं. नंतर मला उठताच येईना.

"विष," मी जमिनीवरून म्हणालो.

"पोट," रोसेंदा म्हणाली.

उरला एलेउतेरियो. हा पलीकडच्या गावचा, याचाच मुलगा गाउडेन्सियोविरुद्ध पळणार होता. मक्याच्या दारूची बैठक होती, तिथे मी त्याला गाठलं.

"काल रात्री कुठे होतास?"

"इथेच."

"साक्षीदार?"

"तूच की. माझ्या मांडीवर झोपला होतास."

भक्कम पुरावा होता. सोडावं लागलं.

शेवटी मी गाउडेन्सियोच्या चपला भिंगाखाली घेतल्या. "ऐका. हा टायर महागडा आहे. फार पळालेला नाही. मालक पैसेवाला आणि बावळट."

"निम्मं बरोबर आहे," रोसेंदा तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली.

"टायर आणलास कुठून?"

गाउडेन्सियोने मावशीकडे पाहिलं. मावशीने भाकरीकडे.

"पडलेला होता," तो म्हणाला.

मी समाधानाने मान हलवली. प्रामाणिक पोरगा. एवढ्यात रोसेंदा हात पुसत उठली आणि तिने त्याच्या पोटरीत बोट खुपसलं. तो कळवळला.

"शहरात पायात काय घालायचास?"

"बूट. पावासारखा जाड तळवा. टाच नुसती गादीवर."

"आणि इथे आल्यावर पहिल्या दिवशी?"

"या चपला घालून नदीपर्यंत जाऊन आलो. पूर्वी जायचो तसा."

"पूर्वी टाचा गादीवर झोपत नव्हत्या रे बाळा. इतकी वर्षं सगळा भार बुटाने घेतला, आता तो एकदम पोटऱ्यांवर आला. त्या ओरडणार नाहीत तर काय? आधी दुखणं उतरू दे. मग विहिरीपर्यंत पळ. मग देवळापर्यंत. रोज थोडं वाढव. शर्यतीला अजून वेळ आहे."

"आणि शाप?" मी विचारलं.

"तो माझ्या नशिबी आहे," रोसेंदा म्हणाली. मग भाच्याकडे वळली. "नीट बरा हो. माझी शेळी लागलीय त्यात."

मी उरलेली अर्धी टोपी डोळ्यांवर ओढली.

पोराने मावशीचं ऐकलं. विहीर, देऊळ, नदी असं वाढवत नेलं, आणि शर्यतीच्या दिवशी अंधार पडायच्या आत एलेउतेरियोच्या मुलाला मागे टाकून चेंडू रेषेपार उडवला. डुकेसा आमचीच राहिली. वर एलेउतेरियोच्या दोन शेळ्या, घोंगड्या, मक्याची पोती, सगळं माझ्या पिकअपमध्ये कोंबलं, त्यावर बाकीचे बसले आणि मी गाडी घराकडे हाकली. अर्ध्या घाटात ओझ्याने मागचा टायर फुटला.

"घाबरू नका," मी सगळ्यांना सांगितलं. "हुशार माणूस जादा टायर घेतल्याशिवाय घरातून निघत नाही."

रोसेंदा दरीकडे बघायला लागली. गाउडेन्सियो वाद्या आवळायला वाकला.

मी पोती बाजूला केली आणि जादा टायर ओढून बाहेर काढला. त्याला पावलाच्या आकाराची दोन भोकं होती. एक डावं, एक उजवं.