नंबर पुसलेलं शटर

वर जाणारी आणि खाली येणारी कुठलीही वस्तू आपल्याला कळते, असं सहदेव परबांचं ठाम मत होतं. का नसावं? तेहतीस वर्षं लिफ्टच्या कंपनीत काढली होती! आता ती आवक-जावक विभागात, टपालावर शिक्के मारत काढली, हा भाग वेगळा. लिफ्ट काय न् शटर काय, तत्त्व एकच, असं ते म्हणत आणि त्यांची बायको सुलक्षणा "हं" म्हणे. त्या "हं"चा अर्थ त्यांना लग्नाला तीस वर्षं होऊनही लागला नव्हता.

अंधेरीतल्या त्यांच्या बैठ्या घराला लागून गॅरेज, त्याला लोखंडी शटर आणि आत त्यांची पांढरी गाडी. शनिवारी सहदेवरावांनी शटर रंगवायला घेतलं. त्यावर लाल अक्षरांत 'भीमराज शटर रिपेअरिंग' आणि खाली मोबाइल नंबर छापलेला होता. असले नंबर गल्लीतल्या प्रत्येक शटरवर असतात, कोण कधी छापून जातो देव जाणे. माझ्या दारावर दुसऱ्याची जाहिरात कशाला, म्हणून सहदेवरावांनी थिनर लावून तो घासघासून काढला आणि वर निळ्या रंगाचे दोन हात मारले. शटर झकास दिसायला लागलं. फक्त उघडताना किंचाळायचं.

सोमवारी अकरा वाजता सुलक्षणाबाईंची गाडी चालवण्याची परीक्षा होती. बावन्नाव्या वर्षी जिद्दीनं शिकल्या होत्या बाई. दोनदा नापास झाल्या, दोन्ही वेळा रिव्हर्समध्ये, आणि दोन्ही वेळा सहदेवराव कुंपणाबाहेरून "डावीकडे, डावीकडे" ओरडत होते. शिकाऊ लायसन्सचा हा शेवटचा दिवस. आज हुकलं की सगळं पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून करायचं त्राण आता माझ्यात नाही, असं त्यांनी आदल्या दिवशी सांगून टाकलं होतं. सांगताना डोळे जरा भरून आले होते. परीक्षेला गाडी आपलीच न्यायची होती.

अशा दिवशी शटर किंचाळलेलं बरं दिसत नाही, असं सहदेवरावांच्या मनानं घेतलं. नऊ वाजता ते ग्रीसचा डबा, पाना आणि स्टूल घेऊन गॅरेजमध्ये शिरले, शटर अर्ध्यावर ओढलं आणि वर चढले. स्प्रिंगपर्यंत बोट पोचेना म्हणून एक नट थोडा सैल केला. थोडाच! स्प्रिंगनं गर्रकन गिरकी घेतली आणि शटर धडाडकन जमिनीला टेकलं. सहदेवरावांनी जोर लावला, खांदा लावला, शेवटी आवाज लावला. शटर हललं नाही.

"अगं, ऐकलंस का?"

"सगळ्या गल्लीनं ऐकलं," बाहेरून उत्तर आलं. "उघडा आता. साडेदहाला निघायचंय."

आतून शटरवर आणखी दोनदा खांदा आपटल्याचा आवाज आला. मग आतून खोल आवाजात सूचना आली, की त्या भीमराजला फोन कर.

"नंबर?" सुलक्षणाबाईंनी विचारलं.

सहदेवरावांनी ताज्या निळ्या रंगाच्या मागे उभं राहून डोळे मिटले. मग म्हणाले, समोरच्या कुठल्याही दुकानाच्या शटरवर असेल, बघ. बाईंनी बघितलं. दुकानं उघडली होती. शटरं वर गुंडाळलेली आणि नंबरही त्यांच्याबरोबर गुंडाळलेला!

समोर कुंदाचं किराणा दुकान. सुलक्षणाबाईंनी तिला हातापाया पडून शटर खाली घ्यायला लावलं. एक मिनिटाचं काम. पण भर सकाळी कुंदाचं शटर पडलं म्हटल्यावर शेजारच्या सलूनवाल्यानं मान बाहेर काढली, इकडे तिकडे बघितलं आणि आपलंही शटर ओढलं. मग स्टेशनरीवाल्यानं. मग डेअरीनं. सहदेवरावांना आत अंधारात फक्त आवाज येत होते, धडाड, धडाड, धडाड, आणि मध्येच माणसांची बोलणी. बंद आहे का? कोणी पुकारलाय? माहीत नाही, पण कडकडीत आहे म्हणे. पाच मिनिटांत गल्ली सामसूम झाली. नाक्यावरचे रिक्षावाले मीटर वाकडे करून पसार झाले. आणि आता भीमराजचा नंबर एका ठिकाणी नाही, चौदा ठिकाणी दिसत होता.

फोन लागला, तर भीमराज यायला तयार नाही. काकू, तुमच्या गल्लीत बंद आहे ना, मला आत्ताच मेसेज आला, म्हणाला.

"अरे बाबा, बंद फक्त आमचे हे आहेत," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "गॅरेजमध्ये."

भीमराज सव्वादहाला आला. बाहेरून पहार घालून त्यानं शटर वीतभर उचललं, सरपटत आत शिरला आणि वर बघून कपाळाला हात लावला. स्प्रिंग बसवायला तास लागणार होता. तोवर गाडी काढायची तर एकच मार्ग होता. दोघांनी दोन बाजूंनी शटर खांद्यावर पेलून धरायचं आणि काकूंनी गाडी मागे घ्यायची. सैल केलेला तो नट सहदेवरावांच्या हातात होता. दोन्ही हात तर शटरला हवे होते.

"काका, तोंडात धरा. पडला तर सापडायचा नाही," भीमराज म्हणाला.

गॅरेजमधून आजवर गाडी फक्त सहदेवरावच काढत. मागे उघडं गटार, बाजूला विजेचा खांब. सुलक्षणाबाई बसल्या, आरशात बघितलं, रिव्हर्स टाकला. सहदेवरावांच्या पोटातून "डावीकडे" निघालं ते नटाला आपटून परत गेलं. "म्म्म," ते म्हणाले. गाडी मागे आली. "म्म्म्म!" गाडी वळली, गटार चुकलं, खांब चुकला, आणि ती गल्लीत सरळ उभी राहिली. तोंडात ग्रीस, खांद्यावर शटर आणि डोळ्यांत पाणी, अशा अवस्थेत सहदेवरावांनी ते पाहिलं.

शेजारी लायसन्सवालं कुणीतरी बसायला हवं होतं. कुंदा बसली, दुकान तसंही बंदच होतं. आणि रस्ता असा मोकळा, की त्या वेळेआधी पोचल्या.

सुलक्षणाबाई एक वाजता पेढे घेऊन आल्या. पास! रिव्हर्स एका दमात. साहेबांनी विचारलं म्हणे, एवढी सफाई कुठून आली?

गॅरेजच्या निळ्या शटरवर तोवर भीमराजचा नंबर लाल रंगात परत छापून झाला होता. सहदेवरावांनीच डबा धरला होता, आणि एकदा आतल्या बाजूनंही छाप, असं हळूच सांगितलं होतं. जुन्या नटाचे आटे गेले म्हणून भीमराजनं नवा बसवला. जुना सुलक्षणाबाईंनी साबणानं स्वच्छ धुतला आणि गाडीत गिअरजवळच्या खळग्यात ठेवला. हल्ली सहदेवराव शेजारी बसले आणि "अगं, डावी..." एवढं म्हणाले, की त्या रस्त्यावरची नजर न हलवता तो नट त्यांच्यापुढे धरतात.