बगळा गैरहजर

बाळांनो, यंत्रांतलं मला सगळं कळतं. चौथीत विज्ञानात माझा पहिला नंबर होता. परीक्षेला मी एकटाच बसलो होतो, ही गोष्ट वेगळी.

तर एका जंगलात एक तळं होतं. नियम साधा. काठावर जो राबेल, त्याचा तो काठ.

कोण राबतं ते बघायला कोल्हेप्रधानांनी प्रत्येक काठावर एक यंत्र आणून ठेवलं. त्याला एकच विद्या येई. उबदार अंगाचं कुणी समोर हललं, की ते म्हणे, "हजर." घटकाभर कुणी हललं नाही, की म्हणे, "जागा रिकामी."

पहिल्याच दिवशी समोरून सुसर सरपटत गेली. अंग थंडगार. यंत्रानं ढुंकूनही पाहिलं नाही. उलट उन्हात तापलेली करवंदीची जाळी वाऱ्यानं हलली, तर "हजर, हजर, हजर." महिनाअखेर जाळीचा सत्कार झाला. हार सांबरानं खाल्ला. हसू नका, तुमच्याही कचेरीत अशी एक जाळी असेलच.

आता आपले बगळोबा. त्यांचं कामच मुळी न हलण्याचं. एका पायावर ताटकळावं, तेव्हा कुठं एक मासा. यंत्र म्हणालं, "जागा रिकामी." प्रधानांनी काठ माकडाला दिला. माकड मासे धरत नसे. दिवसभर पाठ खाजवी. हजेरी मात्र भरगच्च.

घरट्यात पिलं उपाशी. बगळ्यानं मग पलीकडच्या काठावर नाचून पाहिलं. हजेरी लागली, पण मासे पळाले.

शेवटी तो दरबारात गेला. तिथं सिंहासनासमोरही प्रधानांनी एक यंत्र बसवलं होतं, महाराजांचा मान म्हणून. बगळ्यानं गाऱ्हाणं मांडलं. पिलं किती, मासे किती, पाय कोणता दुखतो, सगळं. दुपारची वेळ. महाराजांच्या पोटात अख्खं हरीण. ऐकता ऐकता ते गाढ झोपले.

घटका भरली. यंत्र म्हणालं, "जागा रिकामी."

प्रधानांनी माकडाकडे पाहिलं. नियम म्हणजे नियम. माकड पाठ खाजवत सिंहासनावर चढू लागलं. शेपटीवर पाय पडला तसे महाराज दचकून उठले.

"अरे, मी इथंच आहे की. या यंत्राला दिसत कसं नाही?"

बगळा अदबीनं म्हणाला, "आहात ना, महाराज. मी काठावर होतो, अगदी तसेच आहात."

तात्पर्य: काम करा किंवा करू नका, पाठ मात्र खाजवत राहा.