प्रणिताचं लोह वाढवताना

लोखंडाची गोष्ट आम्हाला शिकवायची नाही! तारनाक्यावर कुणालाही विचारा, रेल्वे वर्कशॉपातले हणमंतराव म्हणजे कोण! जन्म गेला लोखंड ठोकण्यात. त्यामुळे आमच्या सूनबाईच्या, प्रणिताच्या, रक्तात लोह कमी निघालं, तेव्हा मी लगेच म्हणालो, "हे खातं माझं!"

प्रणिता नव्यानंच निघालेल्या एका कंप्युटर कंपनीत जाते. अमेरिकेतले डॉक्टर टेपवर बोलतात आणि ही पोरगी रात्रभर ते ऐकून टाइप करते. सकाळी घरी येऊन झोपते. चेहरा पार पांढराफटक! डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. पण नुसत्या गोळ्यांवर भागतंय होय? इंजिनात कोळसा कसा सारखा टाकत राहावं लागतं!

मी सपाटाच लावला. तिचा डोळा लागला की दारावर टकटक. "बेटा, ऊठ. खजूर!" पुन्हा डोळा लागला की, "गूळ-शेंगदाणे!" दुपारी लोखंडी कढईतली आंबाडीची भाजी. बिचारी डोळे मिटूनच चावायची.

महिनाभरानं पुन्हा रक्त तपासलं. लोह आणखी खाली!

"अजून जोर लावू!" मी म्हणालो. खजूर वाढले, टकटकही वाढली.

मग एका सकाळी तारामती, म्हणजे आमची मंडळी, धावत माझ्या कानाशी आली. "अहो, पोरीला परसाकडला काळं होतंय! डांबरासारखं!"

आतल्या आत रक्त जात असेल तर? आम्हाला मुलगी नाही हो! आहे ती हीच.

रिक्षा केली. अर्ध्या वाटेत प्रणितानं तारामतीच्या खांद्यावर मान टाकली.

"बेशुद्ध पडली!" मी ओरडलो. "भैया, जल्दी चलाओ!"

दवाखान्यात मी इतका आरडाओरडा केला, की रांगेतले पेशंट आपला आजार विसरून उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी प्रणिताची पापणी हलकेच वर केली.

"नक्को बाबा," ती पुटपुटली, "खजूर नक्को!"

"अय्यो अंकल, ये तो सो रही है!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं. "और वो काला? लोहाच्या गोळ्यांनी होतं तसं. घाबरू नका." मी तिथंच बाकावर बसलो आणि चक्क रडलो. देवा रे, वाचवलंस!

"पण हिची झोप किती होते?"

तारामतीनं माझ्याकडे बोट केलं. "हे होऊ देतात कुठं!"

"अंकल, झोपच नसेल तर शरीराचा सगळा कारभार बिघडतो. खाल्लेलं लोह अंगी लागणार कसं?"

त्या दिवसापासून मी तिच्या दाराबाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला. बेल बंद, रेडिओ बंद, कुकरची शिट्टी बंद! भाजीवाला ओरडला की मी गेटपर्यंत धावतो.

पुढच्या तपासणीत लोह वर! गालांवर लाली! जीव भांड्यात पडला.

"शाबास अंकल!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काय केलंत सांगा तरी!"

मी घसा खाकरला, खुर्ची पुढे ओढली.

"काहीच नाही केलं यांनी," तारामती म्हणाली.

"बहोत अच्छा! वही चालू रखो!"