मोठ्या संख्येने उपस्थित

संध्याकाळी सहा वाजता होणारा कार्यक्रम अत्यंत उत्साहात पार पडला, हे देवरे नाना मला त्याच दिवशी सकाळी साडेसातला सांगतात. नुसते सांगत नाहीत, लेखी देतात. मी तोंडात ब्रश धरून दार उघडतो, तर समोर नाना. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात प्रेसनोट. तिच्यात पाहुण्यांनी वाचनाचं महत्त्व विशद केलेलं असतं, आभार मानून झालेले असतात आणि शेवटी नानांचं लाडकं वाक्य असतं : 'यावेळी परिसरातील वाचक मोठ्या संख्येने उपस्थित होते.'

मी नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. शहराची पानं लावतो. म्हणजे आलेल्या बातम्या कापून कापून जाहिरातींतून उरलेल्या जागेत बसवतो. आमच्या कॉलनीत पिठाच्या गिरणीवर मंडळाची एक खोली आहे. तिथे सार्वजनिक वाचनालय चालतं आणि नाना त्याचे कार्यवाह, ग्रंथपाल, शिपाई आणि प्रसिद्धिप्रमुख आहेत. नाना तळमजल्यावर राहतात, मी तिसऱ्यावर. पेपरवाला माणूस बिल्डिंगमध्ये राहायला आला म्हणून नानांनी देवापुढे पेढे ठेवले होते म्हणे. त्या देवाशी माझं अजून पटलेलं नाही.

"नाना, जे अजून झालंच नाही ते 'पार पडलं' कसं लिहिता?" मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा नानांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

नाना मूळचे सटाण्याकडचे, पण सगळी नोकरी मनमाड जंक्शनवर झाली. तिथे ते गाड्यांच्या घोषणा करायचे. "गाडी फलाटाला लागल्यावर सांगतात का रे, गाडी येत आहे म्हणून? आधी घोषणा, मग गाडी. घोषणा झाली की गाडीला यावंच लागतं. आसं शे ते."

एरवी नाना माझ्याशी फलाटावरचं शुद्ध मराठी बोलतात. अहिराणी बाहेर काढतात ती फक्त काम असलं की. प्रेसनोट दिल्याच्या दुसऱ्या दिवशी पेपर पडतो न पडतो तोच जिन्यातून खणखणीत हाक येते, "बातमी उनी का रे भाऊ?" या आवाजाने एकेकाळी अख्खं मनमाड जंक्शन हलवलंय. आली नसेल तर मला पांघरुणातून बाहेर यायची भीती वाटते.

आली तरी सुटका नसते. बातमी कापायची ती खालून, हा आमच्या धंद्याचा नियम. जागा कमी पडली की शेवटचं वाक्य पहिलं जातं. म्हणजे दर वेळी नानांचे वाचकच उडायचे. "बाकी काप," नाना म्हणायचे, "पाहुणे काप, माझं नाव काप. लोक ठेव." मी नियम सांगितला. तो त्यांनी नीट ऐकून घेतला आणि पुढची प्रेसनोट अशी सुरू झाली : 'मोठ्या संख्येने उपस्थित असलेल्या वाचकांच्या मोठ्या उपस्थितीत...'

एकदा मात्र फजिती झाली. ग्रंथदिंडीच्या समारोपाला एका निवृत्त मुख्याध्यापकांना बोलावलं होतं. प्रेसनोट सकाळीच आली, मी ती छापलीही. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा ऑफिसात फोन. "अहो, काल संध्याकाळी मी कळवणला भाच्याच्या लग्नात जेवत होतो आणि इकडे मी तासभर मार्गदर्शन केलं?" माझ्या तोंडचं पाणी पळालं. दिलगिरी छापतो म्हणालो. तर म्हणाले, "छे छे! बोललोय चांगलं. पाच अंक ठेवा तेवढे बाजूला." नानांना हे सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "बघ. गाडीचा मार्ग बदलला, पण धावली ना?"

हसायला येतं, पण संध्याकाळी त्या खोलीत डोकावलं की हसू जिरतं. पाच ते आठ नाना तिथे असतात. खाली गिरणी सुरू झाली की टेबलावरचा चष्मा थरथरत सरकत कडेला येतो, नाना तो मागे ढकलतात, तो परत येतो. तेवढीच काय ती हालचाल. मुलगा बंगळुरूला असतो. काकू गेल्यापासून घरी नाना फक्त झोपायला जातात. एकदा ते सहज बोलून गेले, "मनमाडला मी नुसतं 'कृपया लक्ष द्या' म्हटलं की फलाटावरचा माणूस न् माणूस मान वर करायचा. पण मी आतल्या खोलीत. मला कोणी बघितलं नाही, मी कोणाला बघितलं नाही. रिटायर झाल्यावर म्हटलं, आता समोर माणसं पाहिजेत."

आणि नेमकी माणसंच नव्हती. गणपती उठल्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलं, "नाना, वाचनालयात माणूस दिसत नाही. दिवाळीनंतर तिथे जिम करू. पोरं तरी येतील."

नाना भांडले नाहीत. "माणूस दिसला पाहिजे ना? दाखवतो," म्हणाले.

त्यांनी एका स्थानिक न्यूज चॅनेलला गाठलं. आठवडाभर फोन करून करून त्या पत्रकार मुलीला इतकं भंडावलं, की शेवटी एका रविवारी ती कॅमेरामनला घेऊन यायला कबूल झाली. त्या दुपारी नानांनी कॉलनीत दारोदार घोषणा केली. मला झोपेतून उठवलं. फाटकाजवळ इस्त्रीचं दुकान आहे ते शेखभाई, "अरे नाना, इस्तरी गरम हाय ना," म्हणत असताना त्यांना हाताला धरून वर नेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशी वहिनी केसांना मेंदी लावून बसल्या होत्या. त्या डोक्याला रुमाल गुंडाळून आल्या. पंधरा-वीस माणसं जमली. प्रत्येकाला खुर्ची, प्रत्येकाच्या हातात नानांनी निवडून दिलेलं पुस्तक. जोशी वहिनींना लोणच्यांचं मिळालं. मला एक जुनं समुद्रप्रवासाचं.

पत्रकार मुलीने माइक नेमका शेखभाईंसमोर धरला. "काका, काय वाचताय?"

"द्राक्षाची छाटणी."

"अरे वा! मळा आहे का तुमचा?"

"नाय, इस्तरीचं दुकान हाय." शेखभाईंनी मान वर न करता पान उलटलं. "पण लय भारी लिवलंय."

कॅमेरा सगळ्यांवरून फिरला. नाना कपाटाला टेकून उभे होते. त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे नव्हतं, ते आमच्याकडे बघत होते. भरल्या पंगतीकडे यजमान बघतो तसं. मग कॅमेरामनने दिवा बंद केला, मुलगी "थँक्यू काका" म्हणाली आणि खुर्च्या सरकल्या. शेखभाईंना इस्त्रीची आठवण झाली, वहिनींना मेंदीची, मला झोपेची. नाना दारात आडवे हात करून सांगत होते, "थांबा ना, चहा सांगितलाय. दोन मिनिटं." कोणी थांबलं नाही. मी जिना उतरत होतो तेव्हा चहावाला भरलेली किटली आणि ग्लासांची चळत घेऊन वर चढत होता.

बातमी चॅनेलवर झळकली. अध्यक्षांनी पाहिली, चार लोकांना पाठवली आणि म्हणाले, "एवढे लोक येतात, मग राहू दे वाचनालय." नाना जिंकले. मी कॉलनीत सगळ्यांना सांगत सुटलो की प्रसिद्धी कशी करावी हे नानांकडून शिका.

पुढच्या आठवड्यात माझ्या सुट्टीच्या दिवशी लक्षात आलं की माझ्या चष्म्याचं घर त्या गडबडीत वाचनालयातच राहिलंय. संध्याकाळी वर गेलो. गिरणी चालू होती. आत नाना एकटेच, हातात फडकं घेऊन खुर्च्या पुसत होते. खुर्च्या तशाच मांडलेल्या होत्या, रविवारी होत्या तशा. आणि प्रत्येक खुर्चीसमोर टेबलावर एक एक पुस्तक.

"नाना, पुस्तकं कपाटात नाही ठेवली अजून?"

"का ठेवू?" नाना पुसता पुसता म्हणाले. "शेखभाईची छाटणी अर्धी राहिलीय. वहिनी कैरीपर्यंत आल्यात, लिंबू बाकी आहे. तू तर जहाज एडनला सोडून गेलास."

मी माझ्या खुर्चीसमोरचं पुस्तक उघडलं. आत कागदाची पट्टी होती. खरंच एडन. पट्टीवर नानांचं अक्षर ओळखू आलं. आम्ही न छापलेल्या प्रेसनोटा कापून त्यांनी सगळ्यांची पानं धरून ठेवली होती. माझ्या पट्टीवर 'मोठ्या संख्ये' एवढंच आलं होतं.

"येतील," माझ्याकडे न बघता नाना म्हणाले. "गाडी लेट शे, एवढंच."

मी चष्म्याचं घर उचलून खिशात टाकलं आणि खुर्ची ओढून बसलो. नानांनी जाऊन माझ्या डोक्यावरचा पंखा लावला. मग समोर बसून त्यांनीही एक पुस्तक उघडलं, पण मी वाचत होतो तोवर त्यांचं पान उलटल्याचं काही मला दिसलं नाही. आठ वाजता मी उठलो तेव्हा जहाज सुएझ ओलांडून पुढे गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बेल वाजली. तोच शर्ट, तीच पेनं. नाना कागद देऊन जिना उतरून गेले. कार्यक्रम नव्हता, पाहुणे नव्हते, आभार नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा नानांनी होऊन गेलेल्या गोष्टीची प्रेसनोट दिली होती :

'काल सायंकाळी वाचनालयात एक वाचक उपस्थित होता. तो शेवटपर्यंत बसला.'

त्या दिवशी पानावर जागा नव्हती. एका सराफाची मोठी जाहिरात होती. मी दुसऱ्या दोन बातम्या उचलून टाकल्या आणि ही लावली. खालून एक शब्दही कापला नाही. दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन मी स्वतःच तळमजल्यावर गेलो, नानांचं दार वाजवलं आणि त्यांनी विचारायच्या आत सांगितलं, "उनी, नाना."